साडेसात डॉलरची वाटणी

गेल्या वर्षी नवरात्र संपता संपता माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. पालघरच्या महाविद्यालयात मी इतिहास शिकवत होतो तेव्हाचा हा मुलगा. आता बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. "सर, तुम्ही जुनी नाणी बघता ना? आजोबांची अमेरिकन नाणी आहेत आमच्याकडे. एक पार्टी सव्वीस लाख द्यायला तयार आहे. फक्त त्याआधी अठरा हजार भरायचेत." नोंदणीचे म्हणून एकवीसशे पन्नास रुपये आधीच गेले होते. उरलेल्या रकमेसाठी त्याचे वडील पतपेढीतून कर्ज काढणार होते, आणि अर्जावर जामीनदाराची सही तेवढी राहिली होती.

नाणी बघतो हे खरे, पण माझा हात सातवाहन आणि शिलाहारांवर बसलेला. अमेरिकन नाणी मी तोवर हातात धरूनही पाहिली नव्हती. तरी त्याला म्हटले, पैसे भरू नका, मी उद्या येतो. हा लेख म्हणजे त्या 'उद्या'पासून दिवाळीपर्यंत केलेल्या हिशेबाची हकिकत आहे.

बोईसर-तारापूरला अमेरिकन नाणी आली कुठून, हा प्रश्न या भागातल्या माणसाला पडत नाही. बाहेरच्याला पडेल म्हणून थोडे सांगतो. तारापूरच्या अणुवीज केंद्रासाठी भारत आणि अमेरिका यांच्यात करार झाला तो ८ ऑगस्ट १९६३ रोजी, केनेडी अध्यक्ष असताना. मे १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीबरोबर बांधणीचे कंत्राट झाले, बांधकामाची जबाबदारी बेक्टेल कंपनीकडे गेली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस किनाऱ्यावर खोदाई सुरू झाली. ऑक्टोबर १९६९ मध्ये दोन्ही अणुभट्ट्यांची वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली. मधल्या पाच वर्षांत अमेरिकन अभियंते, त्यांच्या बायका आणि पोरे या किनाऱ्यावर राहिली. त्यांचे घरकाम, बागकाम, सुतारकाम, गाड्या चालवणे हे सारे इथल्याच माणसांनी केले. जाताना अमेरिकन माणूस खणात उरलेली मोड कुणाच्या तरी हातावर ठेवून जाई. चिंचणी-तारापूरकडच्या जुन्या घरांत अजून एखादा केनेडी सापडतो तो असा.

या मुलाचे आजोबा सुतार. घर पोफरणला. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीच्या वेळी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन्ही गावे उठली. ते कुटुंब तेव्हा नव्या वसाहतीत आले. घर सोडताना भिंती, कौले, आंबा, माड, शेवगा या सगळ्याची मोजणी होऊन किमती लागल्या होत्या, असे थोरल्या भावाने मला सांगितले. देवघराच्या फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा तेवढा कुणी मोजला नाही. आजोबा गेल्यावर आणि मागाहून आजीही गेल्यावर तो उघडला. आत फडक्याची एक पुरचुंडी आणि कागदाची एक पुडी, दोन्हींत मिळून ४१ अमेरिकन नाणी. शिवाय आजीचा एक चांदीचा रुपया, पंचम जॉर्जचा, १९१९ सालचा.

तीन भावंडांनी वाटणी केली होती आणि ती पाहून मी मनातल्या मनात दाद दिली. अर्ध्या डॉलरची ७ नाणी, पाव डॉलरची ९, दहा सेंटची म्हणजे डाइम १४, पाच सेंटची ६ आणि एक सेंटची ५. सगळे मिळून साडेसात डॉलर. ("साडेसातीच म्हणायची," धाकटे भाऊ म्हणाले.) प्रत्येकाला अडीच डॉलर. थोरल्यांनी पाच अर्धे डॉलर घेतले. धाकट्यांनी नऊ पाव डॉलर आणि पाच सेंटची पाच नाणी घेतली. बहिणीला दोन अर्धे डॉलर, चौदा डाइम, पाच सेंटचे एक आणि सुट्टे पाच सेंट आले. नाण्यांवर जे छापले होते त्याची बेरीज करून पैशाचाही फरक राहू दिला नव्हता. बहिणीच्या वाट्याचे दोन अर्धे डॉलर तर सगळ्यांत चकचकीत होते. "दादांनी मला चांगलीच दिली," असे त्या स्वतः म्हणाल्या.

पण नाण्यावर छापलेला आकडा ही त्याची एक किंमत झाली. ती कुठे वटते, हा पहिला प्रश्न. आजोबांनी त्या काळी बँकेत विचारले होते. परदेशी नोट असती तर बघितले असते, मोड कोण घेणार, असे उत्तर मिळाले. जगभर पैसे बदलून देणारे आजही नाण्यांना हात लावत नाहीत, कारण ती परत पाठवण्याचा खर्चच त्यांच्या किमतीबाहेर जातो. समजा कुणी घेतली असती, तर १९६५ साली डॉलरला ४ रुपये ७६ पैसे हा दर होता. साडेसात डॉलरचे ३५ रुपये ७० पैसे झाले असते. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलर साडेसात रुपयांचा झाला. डब्यातल्या त्याच नाण्यांचे एका रात्रीत ५६ रुपये २५ पैसे झाले. डाइम ४७-४८ पैशांचा होता तो बरोबर बारा आण्यांवर आला. आणे जाऊन ९ वर्षे झाली होती, तरी गावात हिशेब आण्यांतच चाले. याच अवमूल्यनाने खुद्द अणुवीज केंद्राचेही गणित हलवले होते. त्यासाठी अमेरिकेने सुमारे ८ कोटी डॉलरचे कर्ज दिले होते, पाऊण टक्के व्याजाने, चाळीस वर्षांच्या मुदतीने. रुपयांत मांडले तर ते ३८ कोटींचे ६० कोटी झाले. सुताराच्या डब्यात भर पडली आणि सरकारच्या बोज्यात भर पडली, दोन्ही एकाच गुणाकाराने.

दुसरी किंमत धातूची. इथे सगळी भिस्त नाण्यावरच्या सालावर आहे, आणि योगायोग असा की अमेरिकन नाण्यांच्या इतिहासातली सर्वांत मोठी रेघ तारापूरच्या बांधकामाच्या ऐन काळात ओढली गेली. १९६४ पर्यंतचे साल असलेले डाइम, पाव आणि अर्धे डॉलर शेकडा ९० चांदीचे. चांदी महाग होत चालली, नाण्यांची टंचाई झाली, तेव्हा २३ जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या नाणे कायद्यावर सही केली. डाइम आणि पाव डॉलरमधून चांदी पूर्णपणे गेली. तांब्याच्या गाभ्यावर दोन्ही बाजूंनी तांबे-निकेलचा पापुद्रा आला. ही नाणी ओळखायला भिंग लागत नाही. नाणे आडवे धरून कड पाहिली की मधोमध तांबडी रेघ दिसते. चांदीच्या नाण्याची कड सगळी पांढरी.

मी भावंडांना हेच सांगितले आणि सांगताना एक चूक केली. १९६५ नंतर चांदी संपली म्हणून बहिणीच्या वाट्याचे ते दोन चकचकीत अर्धे डॉलर, दोन्ही १९६७ चे, मी 'यात काही नाही' म्हणून बाजूला सारले. त्यांचा चेहरा उतरला. घरी आल्यावर मला चैन पडेना, कारण त्या नाण्यांच्या कडेला तांबडी रेघ स्पष्ट दिसली नव्हती. पुन्हा वाचले तेव्हा उलगडा झाला. अर्ध्या डॉलरला त्या कायद्यात सवलत होती. केनेडींच्या आठवणीचे नाणे एकदम निश्चांदी करणे अमेरिकेला जड गेले असावे. १९६५ ते १९७० या सालांच्या अर्ध्या डॉलरमध्ये शेकडा ४० चांदी आहे. म्हणजे एकाच चेहऱ्याची, एकाच आकाराची आणि एकाच छापील किमतीची दोन नाणी: १९६४ चे वजनाने साडेबारा ग्रॅम, त्यात चांदी ११.२५ ग्रॅम, १९६७ चे साडेअकरा ग्रॅम, त्यात चांदी ४.६ ग्रॅम. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन करून मी चूक कबूल केली.

मग आम्ही सगळे चिंचणीला गेलो, एका डायमेकरकडे. डहाणू-चिंचणी-वरोर या पट्ट्यात घरोघर दागिन्यांच्या डाय तयार होतात. सोन्याचांदीच्या पत्र्यावर नक्षी उठवायचा लोखंडी ठसा म्हणजे डाय. मुंबईच्या सराफ बाजाराचे कितीतरी काम या घरांवर चालते. छाप कसा उठतो हे या माणसांइतके कुणाला कळणार? त्याने केनेडी भिंगाखाली धरला आणि तासाभराचे व्याख्यान दिले. ओतीव नकली नाण्यावर बारीक भोके दिसतात, अक्षरांच्या कडा गोलावतात. ठोकलेल्या नाण्यावर धातू डायच्या कोपऱ्यापर्यंत चढलेला असतो. आमची सगळी ठोकीव निघाली. मानेच्या खाली त्याला एक चिन्ह दिसले. "हा विळा-हातोडा कशाला?" त्याने विचारले. ती नक्षीकार गिलरॉय रॉबर्ट्स याची आद्याक्षरे. पण हे नाणे निघाले तेव्हा खुद्द अमेरिकेतही लोकांनी त्याला विळा-हातोडा समजून ओरड केली होती. चिंचणीच्या कारागिराला साठ वर्षांनी तीच शंका यावी, याची मला गंमत वाटली.

त्याच्याच बारीक काट्यावर वजने घेतली. पाव डॉलरचे जुने नाणे सव्वासहा ग्रॅमचे, त्यात चांदी ५.६२५, डाइम अडीच ग्रॅमचा, त्यात २.२५. पाच सेंटच्या नाण्यात चांदी नसते, एक अपवाद सोडून. दुसऱ्या महायुद्धात निकेल लष्कराला हवे होते म्हणून १९४२ ते १९४५ या काळात त्यात शेकडा ३५ चांदी घातली गेली. ओळखायची खूण म्हणजे मागच्या बाजूला इमारतीच्या घुमटावर ठळक मोठे अक्षर. आमच्या सहांत असे एक सापडले, १९४३ चे, काळवंडलेले. ते बहिणीच्या वाट्याचे होते. सगळ्यांत कळकट म्हणून तिच्याकडे सरकवलेले, हे कुणी बोलले नाही, पण कळले.

हिशेब असा झाला. पाच जुने अर्धे डॉलर (चार केनेडी, एक फ्रँकलिनचे १९५७ चे) मिळून चांदी ५६.२५ ग्रॅम. १९६७ चे दोन मिळून ९.२. नऊ पाव डॉलरपैकी सहा चांदीचे, ३३.७५. चौदा डाइमपैकी अकरा चांदीचे, २४.७५. युद्धकाळातले पाच सेंट, १.७५. एकूण १२५.७ ग्रॅम, जुन्या तोळ्याने पावणेअकरा तोळ्यांच्या किंचित वर. अडीच-अडीच डॉलरच्या चोख वाटणीत थोरल्यांकडे ५६.२५ ग्रॅम गेले होते, धाकट्यांकडे ३३.७५ आणि बहिणीकडे ३५.७. समान वाटा ४१.९ चा. हिशेबाच्या सोयीसाठी ग्रॅमला १०० रुपये धरले तर सगळे मिळून १२,५७० रुपये होतात. प्रत्यक्ष भाव रोज हलतो; वाचकांनी त्या दिवशीच्या भावाने गुणावे आणि सराफ आटणीची घट धरतो तीही वजा करावी.

आणि सव्वीस लाख? तिसरी किंमत संग्राहकाची, आणि सगळ्या अफवा तिच्याच भोवती फिरतात. संग्राहक दोन गोष्टींना पैसे देतो, दुर्मिळपणाला आणि राखलेल्या रूपाला. १९६४ चे केनेडी अर्धे डॉलर फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर या दोन टांकसाळींनी मिळून सुमारे ४३ कोटी पाडले. लोकांनी ते खर्च न करता आठवण म्हणून ठेवून दिले, त्यामुळे आजही ते पोत्यांनी मिळतात. त्याच सालचे पाव डॉलर सव्वाशे कोटींच्या वर आहेत. दुर्मिळ नाणी असतात, नाही असे नाही. १९३२ चा पाव डॉलर 'डी' किंवा 'एस' अक्षराचा असेल तर जपून ठेवावा. त्यातले प्रत्येक साडेचार लाखांहून कमी पाडले गेले. १९१६ चा 'डी' अक्षराचा डाइम तर दोन लाख चौसष्ट हजारच. आमच्यातला सर्वांत जुना पाव डॉलर १९४१ चा होता, साधा.

रूपाचे तर विचारूच नये. आजी दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी फडक्याच्या पुरचुंडीतली मोठी नाणी काढायची, चिंचेच्या कोळाने आणि रांगोळीने घासून लख्ख करायची आणि रुपयाबरोबर ताम्हनात मांडायची. पन्नासेक दिवाळ्या. केनेडींचे केस गुळगुळीत झाले होते आणि साडेबारा ग्रॅमचे नाणे काट्यावर बारा ग्रॅम चाळीसच्या आसपास भरत होते. संग्राहकांच्या लेखी घासलेले नाणे बाद. ते त्याला वितळणाऱ्या चांदीच्या भावात मोजतात. कागदाच्या पुडीतली १९६७ ची नाणी कधी पूजेला लागली नव्हती, म्हणून ती चकाकत होती. हे समजावताना मी जरा अडखळलो. आजीने नाणी खराब केली, असे म्हणायची माझी तयारी नव्हती आणि आजही नाही.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना काढली होती, की तिचे नाव वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात शुल्क किंवा कर मागणाऱ्यांशी तिचा काही संबंध नाही आणि तसे पैसे कुणाला देऊ नयेत. ती मी थोरल्यांसमोर ठेवली. ते बराच वेळ वाचत बसले. पतपेढीचा अर्ज त्यांनी खिशातून काढला, घडी घातली आणि पुन्हा खिशात ठेवला. कायद्याची एक भीती त्या 'पार्टी'ने घातली होती, की परदेशी नाणी घरात ठेवणे गुन्हा आहे, लवकर विका. आजोबांच्या काळात परकीय चलनाचा कायदा कडक होता हे खरे; पण आजच्या नियमांप्रमाणे परदेशी नाणी कुणीही कितीही बाळगू शकतो. मर्यादा आहे ती नोटांना. ही नाणी शंभर वर्षांची नसल्याने पुराणवस्तूंच्या कायद्यातही येत नाहीत.

इथवर माझे काम संपायला हवे होते. पण इतिहासाच्या मास्तराला पुरचुंडी आणि पुडी वेगळ्या का, हा प्रश्न सोडवत नाही. जमिनीत सापडलेला नाण्यांचा ठेवा कधी पुरला हे ठरवताना आम्ही त्यातले सर्वांत अलीकडचे नाणे पाहतो. ठेवा त्याआधीचा असू शकत नाही. तीच रीत इथे लावली. फडक्यातल्या एकाही नाण्यावर १९६४ च्या पुढचे साल नव्हते. कागदातली सगळी, सेंट सोडले तर, १९६५ ते १९६७ ची. म्हणजे दोन वेगळे खिसे. फडक्यातला माणूस नवी नाणी पसरण्याआधी अमेरिकेतून निघालेला, पायाभरणीच्या वेळचा. (इथेही एक खाच आहे. टंचाईमुळे अमेरिकन टांकसाळींनी १९६४ चेच साल घालून पुढे १९६६ पर्यंत चांदीची नाणी पाडली, म्हणून तो थोडा उशिराही निघालेला असू शकतो.) त्याच्या बहुतेक नाण्यांच्या मागच्या बाजूला 'डी' अक्षर, म्हणजे डेन्व्हरची टांकसाळ, जिची नाणी पश्चिम अमेरिकेत जास्त चालत. बेक्टेलचे मुख्यालय सॅन फ्रान्सिस्कोला आणि जनरल इलेक्ट्रिकचा अणुविभाग जवळच सॅन होजेला होता, हे त्याच्याशी जुळते. कागदातल्या नाण्यांवर टांकसाळीचे अक्षरच नाही, कारण संग्राहकांनी साठे करू नयेत म्हणून १९६५ ते १९६७ या सालांच्या नाण्यांवरून ते काढून टाकले होते.

कागदाच्या पुडीत चांदीचा एकही पाव डॉलर नव्हता, हे मला जास्त बोलके वाटले. हिणकस नाणे आले की कसाचे नाणे बाजारातून पळते, हा अर्थशास्त्रातला जुना नियम. अमेरिकन लोकांनी जुनी नाणी वेचून घरात ठेवायला सुरुवात केली. १९६७ मध्ये सरकारला नाणी वितळवण्यावर बंदी घालावी लागली, ती १९६९ मध्ये उठली. कागदाच्या पुडीचा मालक बहुधा भट्ट्यांच्या चाचणीच्या वेळी, १९६८ च्या आसपास आलेला. तो निघाला तोवर त्याच्या देशातल्या खिशांतून चांदी गेली होती. थोरल्यांना एवढे आठवत होते, की बाबांनी एका साहेबाच्या पोरासाठी शिसवी पाळणा केला होता आणि दुसऱ्याच्या सामानाच्या लाकडी पेट्या. कोणती नाणी कशाची, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकले. पुरचुंडी पाळण्याची. माझ्याकडे त्याला पुरावा नाही आणि विरोधही नाही.

परका पैसा या किनाऱ्याला नवा नाही. चिंचणीलाच १९५५ मध्ये सापडलेल्या ताम्रपटांत शके ८४८ चा एक आहे. त्यात राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण मंडळाचा कारभार पाहणाऱ्या अरब अधिकाऱ्याचे नाव येते. पण आमच्या डब्यातली सगळ्यांत लांबची मजल मारलेली चांदी केनेडींच्या नाण्यात नव्हती. ती आजीच्या १९१९ च्या रुपयात होती, असे मला वाटते, आणि त्याचे कारण सांगतो.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थान सरकारने लढाईचा खर्च आणि खरेदी रुपयांत केली. कागदी नोटेवर 'मागताच रुपये देऊ' असे वचन होते आणि लोक मागत होते. चांदी मिळेना. १९१७ च्या अखेरीस सरकारने एक रुपयाची नोट काढली, पाठोपाठ अडीच रुपयांचीही. १९१८ च्या वसंतात तिजोऱ्यांतली चांदी संपत आली, तेव्हा ब्रिटनने अमेरिकेकडे हात पसरला. २३ एप्रिल १९१८ रोजी तिथे पिटमन कायदा झाला. अमेरिकेच्या खजिन्यातले २७ कोटी २ लाख ३२ हजार ७२२ चांदीचे डॉलर भट्टीत गेले. त्यातल्या २५ कोटी ९१ लाखांहून अधिक डॉलरची चांदी, औंसाला एक डॉलर या भावाने, हिंदुस्थानसाठी विकली गेली. बोटींनी ती मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत आली आणि रुपये होऊन बाहेर पडली. एका डॉलरमध्ये २४.०६ ग्रॅम चांदी, एका रुपयात १०.६९ ग्रॅम; त्या हिशेबाने ५८ कोटी रुपयांच्या नाण्यांपुरता माल झाला. आजीच्या रुपयावर खाली बारीक टिंब आहे, ते मुंबईच्या टांकसाळीचे. १९१९ चा मुंबईचा रुपया. त्यातली चांदी आधी अमेरिकन डॉलर असल्याची शक्यता चांगलीच मोठी आहे.

पुढचा फेरा याहून लांब. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच अडचण आली आणि अमेरिकेने हिंदुस्थानला साडेबावीस कोटी औंस चांदी उसनी दिली. आपला रुपया तोवर निम्म्या चांदीचा झाला होता, १९४७ मध्ये तो निकेलचा झाला. बाजारातून परत घेतलेल्या जुन्या नाण्यांतून चांदी वेगळी काढून भारताने ते उसने १९५७ पर्यंत फेडले. ती अमेरिकेच्या खजिन्यात जमा झाली आणि त्या खजिन्यातूनच पुढची नाणी पडली. तारापूरला आलेल्या एखाद्या अर्ध्या डॉलरमध्ये ठाणे जिल्ह्यातल्या एखाद्या बाजारात वापरून झिजलेल्या रुपयाचा अंश असेल, हे सिद्ध करता येत नाही. चांदीला आठवण नसते. पण वजन जुळते: अर्धा डॉलर ११.२५, रुपया १०.६९. आजीने ते दोन्ही एका ताम्हनात मांडले ते बहुधा आकार सारखा म्हणून. जुना सराफ ओट्याच्या दगडावर वाजवून बघायचा, तसे मी दोन्ही वाजवून पाहिले. दोन्ही खणखणीत. १९६७ चा केनेडी बोदा वाजला.

धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी तिघे भावंडे पुन्हा बसली, मला बोलावून. बहिणीने मला आधीच बाजूला घेऊन सांगितले होते, "सर, मोजून द्या, पण दादांना दुखवू नका." मी एक फेरबदल सुचवला. थोरल्यांनी एक जुना केनेडी धाकट्यांना द्यावा; धाकट्यांनी चांदीचा एक पाव डॉलर बहिणीला. मग थोरल्यांकडे ४५ ग्रॅम, धाकट्यांकडे ३९.३७५, बहिणीकडे ४१.३२५. वितळवल्याशिवाय अगदी समान वाटे होत नाहीत. थोरले काही वेळ गप्प होते. मला वाटले, मोठेपणाचा मान आड येणार. मग त्यांनी पाच नाणी पाटावर मांडली, एकेक उचलून पाहिले, आणि फ्रँकलिनचे तेवढे स्वतःकडे ठेवतो म्हणाले, कारण त्या टकल्या म्हाताऱ्याचा चेहरा त्यांना बाबांसारखा वाटायचा. केनेडींपैकी सर्वांत कमी झिजलेला त्यांनी धाकट्यांकडे सरकवला.

नाणी विकायची नाहीत असे ठरले. चांदीचा भाव चढला की पुतण्या मला फोन करतो आणि १२५.७ ने गुणून आकडा सांगतो. गेलेले एकवीसशे पन्नास त्यातून वजा करायलाही तो विसरत नाही. पतपेढीचा अर्ज फाडला गेला.

आजीच्या रुपयाचे मात्र राहिले. तो बहिणीला द्यावा असे धाकट्यांचे म्हणणे, घरच्या देव्हाऱ्यात राहावा असे थोरल्यांचे, आणि बहीण म्हणते आपण तिघांनी एकेक दिवाळी फिरवू. यंदाच्या लक्ष्मीपूजनाला तो कुणाकडे, हे मी लिहीत असताना ठरलेले नाही.